पंचाचे पाय: फुटबॉल रेफरीच्या दमसासाचा आणि दुखापतींचा इतिहास

आजच्या विषयाची सुरुवात आपण एका लंगडणाऱ्या माणसापासून करू.

१६ सप्टेंबर १९७२. लंडनमधलं हायबरी मैदान. आर्सेनल विरुद्ध लिव्हरपूल, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या काळच्या दोन बलाढ्य संघांचा सामना. खेळ रंगात आला असताना एका लाइन्समनचा स्नायू दुखावला आणि त्याला पुढे पळता येईना. आता करायचं काय? ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली की प्रेक्षकांत कोणी पात्रताधारक रेफरी असेल तर त्याने पुढे यावं. आणि पुढे आले कोण, तर जिमी हिल. माजी खेळाडू, माजी प्रशिक्षक आणि तेव्हा टीव्हीवर घराघरांत दिसणारे समालोचक. रेफरीची परीक्षा त्यांनी पूर्वी दिलेली होती. अंगावर ट्रॅकसूट चढवला, हातात झेंडा घेतला आणि रेषेवर धावायला लागले. सामना ०–० असा बरोबरीत सुटला.

ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते आणि ती गमतीची आहेही. पण जरा थांबून विचार करा. हजारो प्रेक्षक, लाखो पौंडांचे खेळाडू, बाकावर राखीव खेळाडू तयार. आणि पंच जायबंदी झाला तर काय, याचं उत्तर मात्र प्रेक्षकांत शोधायचं! हे असं का झालं? आम्हाला वाटतं, याचं कारण साधं आहे. पंचालाही शरीर असतं, ते दमतं, दुखावतं, हा विचार तोवर खेळाच्या व्यवस्थेत नीट शिरलेलाच नव्हता. तो कसा आणि किती उशिरा शिरला, तेच आज आपल्याला पाहायचं आहे.

सुरुवातीला पंच नव्हताच

१८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि खेळाचे नियम लिहिले गेले. त्या नियमांत रेफरी नावाचा माणूसच नाही. हा खेळ वाढला तो तिथल्या खानदानी शाळांमध्ये. सभ्य माणूस मुद्दाम चूक करत नाही, आणि चूक झालीच तर दोन्ही कप्तान बोलून मिटवतील, अशी समजूत होती. पुढे सामने चुरशीचे झाले, कामगार वस्त्यांमधले संघ आले, पैसा आला, आणि ही समजूत पुरेनाशी झाली. मग प्रत्येक संघाने आपापला एक अंपायर आणायचा असं ठरलं. दोन अंपायरांचं पटलं नाही तर? त्यासाठी तिसरा माणूस, ज्याच्याकडे दाद मागायची. तोच रेफरी. पण हा रेफरी उभा कुठे असायचा? मैदानाबाहेर. हातात घड्याळ घेऊन. त्याला पळायचं काही कारणच नव्हतं.

मग आलं १८९१ साल. त्या वर्षी नियम करणाऱ्या मंडळाने दोन मोठे बदल केले. एक, पेनल्टी किक आली. दुसरा, रेफरीला मैदानाच्या आत आणलं आणि अंपायरांना रेषेवर पाठवलं. ते झाले लाइन्समन. आता खेळाडूंनी दाद मागेपर्यंत वाट पाहायची नाही, रेफरीने स्वतः पाहायचं, स्वतः शिट्टी मारायची.

आपल्याकडचा एक योगायोग सांगतो. त्याच १८९१ साली मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. म्हणजे जगातल्या फार जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक आपल्या मुंबईत, आणि आज आपण ज्याला रेफरी म्हणतो त्याचा जन्म, हे एकाच वर्षातलं.

या बदलाचा कायदेशीर अर्थ सगळे सांगतात. शारीरिक अर्थ मात्र कोणी फारसा सांगत नाही. क्रिकेटचा अंपायर बघा. चेंडू त्याच्यासमोर येतो, तो उभा राहून निर्णय देतो. फुटबॉलमध्ये उलटं झालं. निर्णय जिथे द्यायचा, तिथे पंचाने पळत जायचं. एकशे तीस यार्डांपर्यंत लांब असू शकणारं मैदान, नव्वद मिनिटं, आणि चेंडू क्षणात या टोकाचा त्या टोकाला. १८९१ मध्ये न्याय पायांवर अवलंबून झाला, आणि त्या पायांची तयारी कोणी करायची, हे मात्र कोणी लिहून ठेवलं नाही.

कोट, टाय आणि तिरकी रेषा

१९३० साली उरुग्वेमध्ये पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्याचे रेफरी होते बेल्जियमचे जॉन लांगेनस. त्यांचा फोटो पाहिला तर आज हसू येईल. अंगात कोट, गळ्यात टाय आणि गुडघ्याखाली बांधलेली ढगळ विजार. धावण्याचा हा पोशाखच नव्हे. पण त्या काळी पंचाकडून अपेक्षा होती ती रुबाबाची. तो मास्तरांसारखा, न्यायाधीशासारखा दिसला पाहिजे. धापा टाकणारा न्यायाधीश कोणाला हवा होता?

पण पळावं तर लागत होतंच. त्यावर पहिला शहाणपणाचा तोडगा काढला इंग्लंडच्या स्टॅनली राउस यांनी. हे मूळचे शाळेतले क्रीडाशिक्षक. १९३४ च्या एफए कप अंतिम सामन्याचे रेफरी, नंतर एफएचे सचिव, आणि १९६१ ते १९७४ फिफाचे अध्यक्ष. त्यांनी जी पद्धत रूढ केली ती साधी होती. रेफरीने चेंडूमागे सैरावैरा पळायचं नाही. मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे, अशा तिरक्या पट्ट्यात वरखाली करायचं. उरलेल्या दोन बाजूंवर दोन लाइन्समन, प्रत्येकाकडे अर्धं मैदान. त्यामुळे चेंडू कुठेही असला तरी तो दोन अधिकाऱ्यांच्या मध्ये सापडतो. ही पद्धत आजही जगभर शिकवली जाते.

या तिरक्या रेषेला आम्ही पंचाच्या शरीराचा पहिला विचार म्हणतो. ताकद वाढवण्याचा नव्हे, ताकद वाचवण्याचा. पाय जास्त पळू शकत नाहीत ना, मग रस्ता कमी करा. आपल्या मैदानांवर जुने पंच आजही नव्या पोरांना सांगतात, ‘पळू नकोस, जागा घे.’ त्यात तथ्य आहे. पण खेळाचा वेग वाढत गेला, तसा नुसत्या भूमितीने भागेना.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळे हौशी लोक होते. १९७४ च्या विश्वचषक अंतिम सामन्याचे रेफरी जॅक टेलर हे वुल्व्हरहॅम्प्टनचे खाटीक. केन ॲस्टन, ज्यांनी पिवळ्या आणि लाल कार्डांची कल्पना काढली, ते शिक्षक. आठवडाभर दुकान, शाळा, कचेरी, आणि शनिवारी मैदान. सराव कधी? संध्याकाळी, एकट्याने, जमेल तसा.

आधी परीक्षा आली

१९६८ साली अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. बारा मिनिटं पळा. किती अंतर कापलं ते मोजा. त्यावरून हृदय आणि फुप्फुसांची क्षमता कळते. प्रयोगशाळा नको, यंत्र नको, एक घड्याळ आणि एक धावपट्टी पुरे. सैन्याने ती उचलली, खेळाडूंनी उचलली. १९७० साली विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलच्या तयारीतही कूपर यांच्या पद्धतीचा हात होता. आणि पुढे ती पंचांच्या नशिबी आली.

फिफाची जुनी चाचणी अशी होती: बारा मिनिटांत किमान २७०० मीटर. शिवाय ५० मीटर साडेसात सेकंदांत दोनदा, आणि २०० मीटर ३२ सेकंदांत दोनदा. नापास झालात तर सामने नाहीत. तिशी-चाळिशीतला माणूस, दिवसभर नोकरी करून आलेला, आणि वर्षाचं भवितव्य या काही मिनिटांवर.

परीक्षा वाईट होती असं आम्ही म्हणत नाही. तिने पहिल्यांदा मान्य केलं की पंचाला पळता आलं पाहिजे. पण ती मोजत होती ते सामन्यातल्या पळण्यासारखं होतं का? २००१ साली डेन्मार्कचे पीटर क्रुस्ट्रप आणि येन्स बांग्सबो यांनी अव्वल रेफरींचा सामन्यातला अभ्यास प्रसिद्ध केला. रेफरी एका सामन्यात सुमारे दहा किलोमीटर जातो. हृदयाचे ठोके सरासरी कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मैदानावरच्या खेळाडूइतकाच ताण. पण हे दहा किलोमीटर सलग नाहीत, बरं का. चालणं, हलकं धावणं, एकदम सुसाट, मग थांबणं, वळणं, मागे मागे पळणं, आडवं पळणं. बारा मिनिटं एका लयीत गोल धावणारा माणूस यात टिकेलच असं नाही.

म्हणून २००० नंतरच्या दशकात फिफाने चाचणी बदलली. आता आधी ४० मीटरच्या सहा वेगवान धावा, मध्ये थोडी विश्रांती. मग ठरलेल्या शिट्टीवर धावायचं, चालायचं, पुन्हा धावायचं. सध्याच्या रूपात ७५ मीटर धाव आणि २५ मीटर चाल, असं चाळीस वेळा, म्हणजे धावपट्टीच्या दहा फेऱ्या, चार किलोमीटर. सहाय्यक पंचांसाठी वेगळी कसोटी: दहा मीटर सरळ, आठ मीटर आडवं, पुन्हा आठ मीटर दुसऱ्या कुशीवर आडवं, आणि दहा मीटर सरळ. हे सगळं दहा सेकंदांत. का? कारण रेषेवरचा माणूस अर्धा वेळ मैदानाकडे तोंड करून खेकड्यासारखा आडवाच पळत असतो.

या आकड्यांची किंमत काय, याचं एक उदाहरण. ऑक्टोबर २००९, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध संडरलँड. सामना २–२. युनायटेडचे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की रेफरी ॲलन वायली तंदुरुस्त नव्हते. वायली तेव्हा एकोणपन्नाशीचे. आता पूर्वी काय झालं असतं? मोठ्या माणसाचा शब्द खरा धरला गेला असता. पण तोवर मैदानावरच्या हालचाली मोजणारी यंत्रणा आली होती. वायली त्या सामन्यात ११,०३९ मीटर धावले होते. दोन्ही संघांतले फक्त सात खेळाडू त्यांच्याहून जास्त धावले होते. फर्ग्युसन यांना माफी मागावी लागली, त्यांच्यावर बंदीची आणि दंडाची कारवाई झाली. ज्या मोजमापाने पंचांना धाकात ठेवलं, त्याच मोजमापाने एका पंचाची अब्रू राखली.

काळजी मागाहून आली

आता आजच्या व्याख्यानातला आमच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा भाग. परीक्षा तर घेतली. पण त्या परीक्षेची तयारी करताना, सामन्यात पळताना, पंचाचं शरीर मोडत होतं का, हे कोणी विचारलं?

फिफाने १९९४ साली वैद्यकीय संशोधनासाठी एक केंद्र सुरू केलं. खेळाडूंच्या दुखापतींवर तिथे भरपूर काम झालं. पंचांची पाळी यायला त्यानंतरही दहा-बारा वर्षं लागली. २००६ च्या जर्मनीतल्या विश्वचषकासाठी निवडलेल्या रेफरी आणि सहाय्यक पंचांची पाहणी मारिओ बित्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. चाळीस टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं की पंचगिरी करताना आपल्याला कधी ना कधी दुखापत झाली आहे. साठ टक्क्यांहून अधिक जणांना स्नायू, सांधे, पाठ यांची काही ना काही तक्रार होती. आणि हे जगातले निवडक, सर्वात तयारीचे पंच!

दुखापती कुठल्या? मांडीच्या मागचा स्नायू ताणला जाणं, पोटरी ताणली जाणं, घोटा मुरगळणं. यात धक्का नाही, टक्कर नाही. खेळाडू बऱ्याचदा दुसऱ्यामुळे जखमी होतो, पंच बहुधा स्वतःच्याच धावेमुळे. याची कारणं समजून घेऊ.

पहिलं, वय. अव्वल रेफरी खेळाडूंपेक्षा साधारण दहा-पंधरा वर्षांनी मोठे असतात, कारण नजर आणि अनुभव तयार व्हायला वेळ लागतो. बराच काळ फिफाची वयोमर्यादा ४५ होती, पुढे ती काढली. म्हणजे ज्या वयात खेळाडू निवृत्त होतो, त्या वयात रेफरी ऐन भरात येतो. डोकं पिकतं तेव्हा पोटरी कडक झालेली असते.

दुसरं, धावेची जात. पंच चालत असतो आणि अचानक प्रतिहल्ला होतो. थंड स्नायूवर पूर्ण वेग. जोरात पळताना पाय पुढे फेकला जातो, तो रोखायचं काम मांडीच्या मागच्या स्नायूचं. तो ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो, आणि नेमका तिथेच तो फाटतो. मागे पळताना आणि पुन्हा पुढे झेपावताना भार येतो पोटरीवर.

तिसरं, नजर. पंचाने पाहायचं खेळाडूंच्या पायांकडे, स्वतःच्या नव्हे. खड्डा दिसतो तो घोटा वळल्यावर.

यावर जो उपाय आला तो महागडा नाही. खेळाडूंसाठी फिफाने ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वॉर्म-अप तयार केला होता. त्याचंच पंचांसाठी वेगळं रूप केलं गेलं. साधारण वीस मिनिटांचा कार्यक्रम. आधी हलकं धावणं, त्यात पुढे, मागे, आडवं. मग ताकद, तोल आणि उड्या: पोटाचे आणि कुशीचे स्नायू घट्ट धरून ठेवणं, एका पायावर उभं राहणं, गुडघे आत न झुकवता उड्या मारणं. त्यातलाच एक महत्त्वाचा व्यायाम म्हणजे गुडघ्यांवर बसून, साथीदाराने घोटे धरलेले असताना, अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकणं. यात मांडीच्या मागचा स्नायू ताणला जातानाच ताकद लावायला शिकतो. शेवटी वेगाच्या धावा आणि झटक्यात वळणं. सौदी अरेबियातल्या हौशी रेफरींवर हा कार्यक्रम तपासून पाहिला, तेव्हा नेहमीचा वॉर्म-अप करणाऱ्यांपेक्षा हा करणाऱ्यांच्या दुखापती स्पष्टपणे कमी झाल्या. हौशी, बरं का. ज्यांच्यासाठी फिजिओ उभा नसतो असे.

पाय आणि निर्णय

काही जण म्हणतील, पंचाचा पाय दुखला तर त्याचं दुखलं, खेळाला काय? म्हणून दोन अभ्यास सांगतो.

२००० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ऑफसाइडच्या चुकांवर एक निबंध ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केला. सहाय्यक पंच शेवटच्या बचावपटूच्या बरोबर रेषेत नसेल, तर त्याच्या डोळ्याला जे दिसतं तेच चुकीचं असतं. लबाडी नाही, पक्षपात नाही, कोन चुकतो. म्हणजे दोन पावलं मागे-पुढे झाली की प्रामाणिक माणूसही चुकीचा झेंडा वर करतो.

दुसरा अभ्यास स्पेनच्या हाविएर मायो आणि सहकाऱ्यांचा, २००९ च्या कॉन्फेडरेशन्स कपवर केलेला. फाउलबाबतचे रेफरींचे सरासरी १४ टक्के निर्णय चुकले. पण शेवटच्या पंधरा मिनिटांत हे प्रमाण २३ टक्क्यांवर गेलं. शेवटची पंधरा मिनिटं! जेव्हा सामना ठरतो, जेव्हा खेळाडू आणि प्रेक्षक सगळ्यात जास्त पेटलेले असतात, आणि पंचाची दमछाक झालेली असते. एकट्या दमण्यामुळेच हे होतं असं म्हणणं घाईचं ठरेल, दडपणही असतं. पण थकलेल्या माणसाला योग्य जागी वेळेवर पोचता येत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

आपल्या मैदानावर

शेवटी थोडं आपल्याकडे येऊ. भारताचे के. शंकर २००२ च्या विश्वचषकात सहाय्यक पंच होते. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला झालेल्या मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात सहाय्यक पंच म्हणून गेल्या. २०२२ मध्ये फ्रान्सच्या स्टेफानी फ्रापार यांनी पुरुषांच्या विश्वचषकात सामना चालवला, तसं करणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुरुषांच्या सामन्यासाठी पुरुषांचीच धावचाचणी पार करावी लागते, त्यात सूट नाही. हे शिखरावरचं चित्र.

पायथ्याशी काय दिसतं? शाळांच्या स्पर्धा, जिल्हा लीग, रविवारचे सामने. एकच पंच सकाळपासून तीन-तीन सामने घेतो. लोकलमधून उतरून धावत येतो, बूट बांधतो आणि थेट नाणेफेकीला. खेळाडू अर्धा तास अंग गरम करत असतात, तेव्हा पंच नावांच्या याद्या तपासत असतो. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेलं, दगडासारखं मैदान. पोटरी धरली तर बर्फ लावायचा, पट्टी बांधायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभं राहायचं, कारण मानधन सामन्यावर आहे, नाही खेळवला तर नाही मिळत. अर्धवट बरा झालेला स्नायू पुन्हा फाटतो, आणि दुसऱ्यांदा तो जास्त वाईट फाटतो. असे कित्येक चांगले पंच पस्तिशी-चाळिशीत, म्हणजे नेमके शहाणे झाल्यावर, मैदान सोडतात.

आयोजकांना आम्ही फार मोठं काही सुचवत नाही. एका पंचाला दिवसात किती सामने द्यायचे याची मर्यादा ठरवा. वेळापत्रकात पंचांच्या वॉर्म-अपसाठी वीस मिनिटं लिहूनच ठेवा. सावली आणि पाणी त्यांच्यासाठीही असू दे. धावचाचणी घ्यायची असेल तर तारीख आठ-दहा आठवडे आधी सांगा, म्हणजे लोक शेवटच्या आठवड्यात पळून पाय मोडून घेणार नाहीत. आणि पंचांनो, तुम्हालाही सांगतो. चाचणीपुरतं पळू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस, थोडं थोडं, पण वर्षभर.

हायबरीच्या त्या प्रसंगानंतर १९ वर्षांनी, १९९१ मध्ये, चौथा अधिकारी नियमांत अधिकृतपणे आला. आता मोठ्या सामन्यात कोणी लंगडला तर प्रेक्षकांत शोधावं लागत नाही. पण जिल्ह्याच्या मैदानावर आजही तेच होतं: ‘अरे, शिट्टी कोणाला मारता येते का?’ आणि कोणीतरी जीन्समध्ये, चपला घालून आत येतो. पुढच्या वेळी तुमच्या समोर असं झालं, तर ज्याला बाहेर नेलं त्याच्या पोटरीला काय झालं, तेवढं एकदा विचारा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.